जुने जपताना आजचे खोळंबू नये
रस्त्यावरील कॅमेरे आणि त्यांचा दप्तरखाना

सुरत हे आपणांस परके शहर नव्हे. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांतून फिरताना गुजरातीच्या जोडीने खानदेशातील मराठीही जागोजाग कानांवर पडते. उधना-जळगाव लोहमार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव ह्या जिल्ह्यांतील माणसे तेथे गेली, यंत्रमागांवर आणि कापडाच्या छपाईत राबली, आणि पुढे त्यांनी तेथेच चुली मांडल्या. कापडाचा व हिऱ्यांचा व्यापार जेथे एवढा मोठा, तेथे माणसांची वर्दळ अखंड असावयाचीच. आणि वर्दळ आली की चोरी, अपघात, हरवणे, चुकामूक हेही आलेच.

अशा शहरात २०१३ च्या जानेवारीत पोलिसांनी रस्त्यांवर कॅमेरे बसविण्याची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात २३ ठिकाणी १०४ कॅमेरे लागले आणि नियंत्रण-कक्षातील भिंतीएवढ्या पडद्यावर शहराचे चौक दिसू लागले. त्यानंतरच्या वर्षांत असे कॅमेरे दुकानांत, कारखान्यांत, शाळांत आणि गृहसंस्थांच्या फाटकांवरही आले. २०२३ च्या डिसेंबरात खजोद येथे उघडलेल्या हिरेबाजाराच्या इमारतीत चार हजारांहून अधिक कचेऱ्यांची सोय आहे. तेथे तर डोळ्यांत तेल घालून पाहणारा पहारेकरी हवाच. आता ही यंत्रे शहरापुरती उरलेली नाहीत. गावच्या पतपेढीत, शाळेच्या व्हरांड्यात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावरही ती आढळतात.

परंतु कॅमेरा हा केवळ डोळा आहे. डोळ्याने पाहिलेले स्मरणात ठेवणारे डोके निराळ्याच खोलीत असते, आणि बहुतेक लोकांचे लक्ष तिकडे जात नाही. समजा, बाजारात एक मूल आईचा हात सोडून गर्दीत नाहीसे झाले. आईबाप रडतकढत चौकीवर येतात. सायंकाळी चार वाजून दहा मिनिटे ते चार वीस एवढ्याच वेळेचे चित्रण पाहावयाचे आहे. यंत्र सकाळचे दाखविते, दुपारचे दाखविते, साडेचारनंतरचेही दाखविते. नेमकी ती दहा मिनिटे मात्र तुटक तुटक आहेत, किंवा मुळी नाहीतच. कॅमेरा बंद पडला नव्हता, वीज गेली नव्हती, तार कोणी तोडली नव्हती. मग ती दहा मिनिटे गेली कोठे? पुष्कळदा उत्तर असे निघते की त्या वेळी यंत्र कालचे चित्रण नीट बांधून दप्तरी लावण्यात गुंतले होते, आणि त्या नादात त्याने आजचे लिहून घेतले नाही. हे कसे घडते आणि टाळता कसे येते, हे समजून घेण्यासारखे आहे.

चार कामांचा एक चाकर

चित्रण साठविणाऱ्या ह्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवा करणारा, चाकर. अशी बरीच यंत्रे लिनक्स नावाच्या कार्यप्रणालीवर चालतात. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकी येथे तिचा आरंभ केला, आणि तिची संहिता सर्वांना पाहण्यास, वापरण्यास व सुधारण्यास मोकळी ठेवली. म्हणूनच आज मोठ्या संगणकांपासून दुकानातील कॅमेऱ्याच्या लहानशा पेटीपर्यंत ती पोहोचली आहे.

ह्या चाकराकडे चार कामे असतात. पहिले, प्रत्येक कॅमेऱ्याकडून येणारे चित्र घेणे. दुसरे, ते हार्ड डिस्कवर, म्हणजे चुंबकीय तबकडीवर, लिहून ठेवणे. तिसरे, कोणी मागेल तेव्हा जुने चित्रण काढून दाखविणे. आणि चौथे, ठराविक मुदतीनंतर जुन्या फाईली उचलून दुसऱ्या मोठ्या साठ्यात नेऊन ठेवणे. ह्या चौथ्या कामास आपण दप्तरदाखल करणे म्हणू.

ह्यांतील पहिली दोन कामे क्षणभरही थांबू शकत नाहीत. कॅमेरा कोणासाठी वाट पाहत नाही. तो सेकंदाला पंचवीस चित्रे पाठवीतच राहतो. घेणाऱ्याचे हात मोकळे नसतील तर थोडा वेळ ती चित्रे स्मृतीत साचतात, आणि तेथील जागा संपली की पुढची चित्रे सांडून जातात. तिसरे काम थोडे थांबू शकते; पाहणारा मनुष्य चार-दोन सेकंद धीर धरील. चौथे काम तासभर उशिरा झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत कमी घाई, ते काम चौथे. परंतु व्यवहारात हेच काम आडवे येते आणि उरलेली तिन्ही त्याच्या मागे ताटकळत राहतात.

थोडा हिशेब

हे कशामुळे होते, हे आकड्यांनी पाहू. पुढील उदाहरण कोणा एका खात्याचे नसून केवळ समजण्यासाठी घेतलेले आहे.

एक चांगला कॅमेरा सेकंदाला अर्धा मेगाबाइट एवढे चित्रण पाठवितो असे धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एका कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रण ४३.२ गिगाबाइट झाले. एका सर्व्हरवर ६४ कॅमेरे जोडले, तर सेकंदाला ३२ मेगाबाइट आणि दिवसाला सुमारे २,७६५ गिगाबाइट. आता बाजारात मिळणारी मोठी तबकडी सलग लिहीत गेली तर सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट लिहू शकते. ३२ कोठे आणि २०० कोठे! गरजेच्या सहापट शक्ती हाताशी आहे, असे विक्रेता सांगतो आणि ग्राहक समाधानाने घरी जातो.

पण ह्या हिशेबात 'सलग' हा एक शब्द दडलेला आहे. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर वाचणारे-लिहिणारे टोक एका बारीक दांड्यावर असते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जावयाचे, तर दांडा सरकावा लागतो आणि हवा असलेला भाग फिरत फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. ह्या साऱ्यात सुमारे साडेबारा मिलिसेकंद जातात. एका सेकंदाचे हजार भाग केले, त्यांतले हे साडेबारा. ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु अशा फेऱ्या सेकंदाला फार तर ८० होतात. दर फेरीला ४ किलोबाइट एवढाच घास उचलला, तर दोनशे मेगाबाइटांची ती तबकडी सेकंदाला एका मेगाबाइटाचा तिसरा हिस्सा एवढेच काम करते.

आपल्या उदाहरणात ६४ कॅमेऱ्यांच्या ६४ निरनिराळ्या फाईली एकाच वेळी लिहिल्या जात आहेत. दर फेरीला एक मेगाबाइट लिहिला असे धरू. फेरीचे साडेबारा आणि लिहिण्याचे पाच, मिळून साडेसतरा मिलिसेकंद लागले. सेकंदाला ३२ मेगाबाइट लिहावयाचे म्हणजे अशा ३२ फेऱ्या, आणि त्यांत ५६० मिलिसेकंद गेले. अर्ध्याहून अधिक सेकंद केवळ आजचे लिहिण्यातच संपला! उरलेल्या ४४० मिलिसेकंदांत दप्तराचे काम तशाच एक-एक मेगाबाइटाच्या घासांनी केले, तर पंचवीस घास वाचून होतील. म्हणजे दर सेकंदाला ३२ मेगाबाइट नवे येतात आणि २५ जुने हलविले जातात. ही शर्यत कधी संपणारच नाही. दिवसाअखेर सुमारे ६०५ गिगाबाइट हलवावयाचे राहून जाते. उद्या त्यात तेवढ्याचीच भर पडते. आणि एके दिवशी तबकडी काठोकाठ भरते.

आता ह्याच यंत्रावर, एक पैसाही न खर्चता, दर फेरीचा घास एका मेगाबाइटाऐवजी आठ मेगाबाइटांचा केला तर? एका फेरीस साडेबावन्न मिलिसेकंद लागतील. परंतु कॅमेऱ्यांचे लिहिणे सेकंदाला चारच फेऱ्यांत उरकेल, आणि त्यात केवळ २१० मिलिसेकंद जातील. उरलेल्या ७९० मिलिसेकंदांत दप्तराचे पंधरा घास, म्हणजे १२० मेगाबाइट वाचून होतील. जे काम चोवीस तासांतही पुरे होत नव्हते, ते सहा तास चोवीस मिनिटांत होते. विहिरीवर पाणी शेंदताना लोट्यालोट्याने काढणारा आणि घागरीने काढणारा ह्यांत जो फरक, तोच हा. दोर ओढण्याचे श्रम दोघांनाही सारखेच पडतात.

उकाईचे धरण आणि यंत्राची स्मृती

तबकडी हळू आहे हे लिनक्स घडविणाऱ्यांना ठाऊक होतेच. म्हणून त्यांनी मध्ये एक जलाशय ठेवला. कोणी फाईल लिहावयास दिली की ती लगेच तबकडीवर जात नाही. आधी यंत्राच्या स्मृतीत साठते आणि सवडीने तबकडीवर उतरते. सुरतेच्या लोकांना ह्याचे उत्तम उदाहरण घराजवळच आहे. शहराच्या वरच्या अंगास तापीवर उकाईचे धरण आहे. ते १९७२ साली पुरे झाले. पावसाचा लोंढा ते पोटात घेते आणि खाली बेताने पाणी सोडते. धरणात जागा आहे तोवर सर्व आलबेल असते. परंतु जलाशय भरत आलेला असताना वरून पुन्हा लोंढा आला, तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तसे घडले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला.

स्मृतीच्या जलाशयाचेही तसेच आहे. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत, न उतरलेले लिखाण उपलब्ध स्मृतीच्या दहा टक्क्यांवर गेले की ते तबकडीवर उतरविण्याचे काम पार्श्वभूमीत सुरू होते. आणि ते वीस टक्क्यांपर्यंत गेले की लिहिणाऱ्यांनाच अडवून धरले जाते. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रात हे वीस टक्के म्हणजे सुमारे तीन गिगाबाइट. दप्तराचा साठा जर दूरच्या, सेकंदाला २५ मेगाबाइट घेणाऱ्या मंद तबकडीवर असेल, तर तीन गिगाबाइट उतरावयास दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत एखाद्या कामाने "माझे हे दोन शब्द तबकडीवर खरोखर लिहिले गेले, अशी पावती द्या," अशी मागणी केली, तर तेही त्या गर्दीत अडकू शकते. आणि चित्रणाच्या सूचीत नवी नोंद करताना अशी पावती बहुधा मागावीच लागते.

हे दुखणे फार जुने आहे. मोठी फाईल उतरवू लागताच सारे यंत्र अडखळते, अशी तक्रार लिनक्स वापरणारे वर्षानुवर्षे करीत असत. २००८ पासून प्रत्येक तबकडीचा वेग पाहून तिला त्या जलाशयाचा वाटा देण्याची रीत आली, त्यामुळे एका मंद तबकडीपायी दुसरी अडून बसण्याचे प्रकार कमी झाले. २०१७ साली येन्स आक्सबो ह्यांनी तयार केलेली आणखी एक सुधारणा आली. पार्श्वभूमीतील लिखाण एकदम न लोटता, इतरांना किती थांबावे लागत आहे हे पाहून बेताबेताने सोडावयाचे, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी इटलीतील मोदेना विद्यापीठाचे पाओलो व्हालेन्ते ह्यांच्या परिश्रमांतून घडलेली बी.एफ.क्यू. नावाची वाटपपद्धती लिनक्समध्ये आली. तबकडीचा उपयोग प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याप्रमाणे मिळावा, ही तिची दृष्टी आहे. दुखणे हलके झाले. पण जलाशयाचा दरवाजा लहान आणि लोंढा मोठा असेल, तर कोणतीही युक्ती कायमची पुरत नाही.

'हलविणे' ह्या शब्दाचे दोन अर्थ

काही वेळा दोष तबकडीचा नसून कार्यक्रम रचणाऱ्याच्या विचाराचा असतो. "जुनी फाईल हलव," अशी आज्ञा देणे सोपे आहे. फाईल त्याच तबकडीच्या त्याच विभागात राहणार असेल, तर लिनक्स केवळ सूचीतले नाव बदलते. फाईल शंभर गिगाबाइटांची असली तरी काम डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी होते. परंतु नवी जागा दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या तबकडीवर असेल, तर तीच आज्ञा अक्षर न् अक्षर नक्कल करते, आणि मग मूळ पुसते. आज्ञा एकच, एकीस क्षण पुरतो, दुसरीस तास लागतो. ज्याने पहिल्या अनुभवावरून कार्यक्रम रचला आणि पुढे साठा दुसऱ्या तबकडीवर नेला, त्याचे यंत्र एके दिवशी अकस्मात मंदावते, आणि कारण त्याच्या ध्यानात येत नाही.

'दप्तरदाखल' ह्या शब्दाचेही असेच आहे. झोनमाइंडर नावाची, लिनक्सवर चालणारी एक मुक्त चित्रण-प्रणाली आहे. तिच्यात एखादी घटना दप्तरी लावणे म्हणजे तिच्यावर "ही आपोआप पुसू नये" अशी खूण करणे, एवढेच. फाईल जागची हलत नाही. इतर ठिकाणी तोच शब्द गाठोडे बांधून दुसरीकडे पाठविण्यासाठी वापरला जातो. शब्द ऐकून काम किती मोठे आहे हे ठरवू नये.

त्याहून मोठी चूक म्हणजे एकच रांग. तहसील कचेरीत एकच कारकून आहे अशी कल्पना करा. त्याच्यापुढे दाखल्यासाठी माणसे उभी आहेत. आणि त्याने नेमकी तीच वेळ साधून मागील दहा वर्षांच्या नोंदवह्यांची नक्कल करावयास घेतली. वही पुरी होईपर्यंत तो मान वर करीत नाही. रांगेतल्या शेतकऱ्याला दोन ओळींचा उतारा हवा आहे, त्याला एक मिनिटही लागणार नाही. परंतु तो दुपारपर्यंत उभा. कित्येक सर्व्हरांतील कार्यक्रम असाच एका कारकुनाच्या भरवशावर चालतो. दप्तराचे काम सुरू झाले की तो त्याची सूची कुलुपात ठेवतो. मग नवे चित्रण नोंदविणारा, जुने मागणारा, कॅमेरा बंद-चालू करणारा, सारे कुलूप उघडण्याची वाट पाहतात.

काही जण ह्या गाठोड्याला आणखी दाबून लहान करावयास जातात. कॅमेऱ्यातून येणारे चित्रण आधीच दाबून लहान केलेले असते. पिळलेले धोतर पुन्हा पिळले तर पाणी किती निघणार? जागा नाममात्र वाचते, आणि यंत्राचे तासन् तास मात्र खर्ची पडतात.

निदान

यंत्र मंद झाले की पहिला विचार येतो तो त्याची बुद्धी अपुरी पडत असल्याचा. लिनक्स यंत्रावरील 'भार' पाहिला तर आकडाही फुगलेला दिसतो, आणि लगेच अधिक शक्तिमान यंत्र घेण्याची भाषा सुरू होते. येथे सावध राहावे. लिनक्सच्या त्या आकड्यात काम करणारे तर असतातच, पण तबकडीच्या उत्तराची वाट पाहत थिजून उभे असलेलेही मोजले जातात. दवाखान्याच्या ओसरीवरील गर्दी पाहून डॉक्टर फार राबत आहेत असे वाटावे, आणि आत पाहावे तो डॉक्टर औषधाच्या बाटलीची वाट पाहत स्वस्थ बसलेले, त्यातला हा प्रकार. म्हणून जाणता मनुष्य भाराबरोबर आणखी दोन गोष्टी पाहतो: प्रत्येक मागणीस तबकडीकडून उत्तर यावयास किती मिलिसेकंद लागतात, आणि ही मंदी दिवसाच्या कोणत्या वेळी येते. 'आयोस्टॅट' नावाचे साधन पहिल्याचे उत्तर देते. मंदीची वेळ आणि दप्तराच्या कामाची वेळ एकच निघाली, तर चोर सापडला असे समजावे.

उपाय

पहिला उपाय जागा वेगळी करण्याचा. आजचे चित्रण एका तबकडीवर आणि दप्तर दुसऱ्या तबकडीवर असावे, म्हणजे निदान लिहिण्याची दोन कामे एकमेकांस धक्के देणार नाहीत. पैसा असेल तर ताजे चित्रण फिरत्या भागांवाचून चालणाऱ्या घन साठ्यावर घ्यावे. त्यात दांडा नाही, सरकणे नाही, त्यामुळे इकडून तिकडे जाण्याचा दंड जवळजवळ नाही.

दुसरा उपाय पायरीचा. दप्तराचे काम करणाऱ्यास सर्वांत खालची पायरी द्यावी. 'आयोनाइस' ह्या साधनाने, तबकडी रिकामी असेल तेव्हाच ह्याला वळण द्या, असे सांगता येते. मात्र तबकडीच्या दाराशी जी वाटपपद्धती नेमलेली असेल तिने हा शब्द मानला पाहिजे. बी.एफ.क्यू. तो मानते, काही ठिकाणी दाराशी कोणीच नेमलेला नसतो, तेथे ह्या आज्ञेचा उपयोग होत नाही. तेव्हा आज्ञा दिली म्हणून निश्चिंत न राहता, ती पाळली जाते की नाही हे पाहावे.

तिसरा उपाय वेगाला लगाम घालण्याचा. 'आरसिंक' सारख्या नक्कल करणाऱ्या साधनास सेकंदाला किती न्यावे हे ठरवून देता येते. लगाम घालताना एक हिशेब विसरू नये. नव्या चित्रणाचा वेग ३२ असेल, तर दप्तराचा वेग ३२ च्या खाली ठेवून चालणार नाही. लगाम इतका आवळू नये की घोडा मुक्कामास पोहोचूच नये.

चौथा उपाय लहान लहान गाठोड्यांचा. दिवसाचे चित्रण रात्री एकदम उचलण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे तुकडे दिवसभर हलवीत राहावे, आणि तुकडा हलविताना मोठे घास घ्यावेत. दोन तुकड्यांच्या मध्ये इतरांना वाट मिळते. कामाची वेळ घड्याळावर लावली असेल, तर पहिले काम संपण्यापूर्वी दुसरे सुरू होणार नाही अशी व्यवस्था हवी. नाही तर आज उरलेले काम आणि उद्याचे काम मिळून दोन गाड्या एकाच पुलावर समोरासमोर येतात.

पाचवा उपाय कुलुपाचा. सूची कुलुपात ठेवून फाईल नेऊ नये. आधी फाईलीची नक्कल करावी, मूळ व नक्कल जुळतात हे तपासावे, मग क्षणभर सूची हातात घेऊन जागा बदलल्याची नोंद करावी, आणि शेवटी मूळ पुसावे. कुलूप तासाचे होते ते क्षणाचे होते. मध्येच वीज गेली तरी काही हरवत नाही, कारण मूळ अजून जागेवर असते.

मग दप्तर ठेवूच नये काय?

एवढा त्रास असेल तर जुने पुसूनच टाकावे, असे कोणी म्हणेल. तसे करून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणी दिलेल्या निकालात, देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे असावेत आणि त्यांचे चित्रण १८ महिने जपावे, असे सांगितले. तेवढी क्षमता असलेली साधने बाजारात नसतील, तर शक्य तेवढ्या अधिक मुदतीची घ्यावीत. पण ती एक वर्षाहून कमी नसावी, असेही बजाविले. कोठडीत असलेल्या मनुष्यावर हात टाकला गेला, तर त्याचा साक्षीदार कोण? त्या चार भिंतींत त्याच्या बाजूने बोलणारे बहुधा तेवढे एक यंत्रच असते. आपल्या हिशेबाने एका कॅमेऱ्याचे १८ महिन्यांचे चित्रण सुमारे २३,७०० गिगाबाइट होते. एवढे ओझे मुख्य तबकडीवर कायम ठेवता येत नाही. ते दप्तरी जावेच लागते.

शिवाय ते नुसते असून भागत नाही, ते विश्वसनीय असावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात यंत्रातील नोंद न्यायालयापुढे आणताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाईलीचा अंकठसाही लिहावयाचा असतो. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा हा फाईलीचा ठसा; फाईलीत एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. तो काढण्यासाठी सारी फाईल आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. म्हणजे दप्तराच्या कामात आणखी एका वाचनाची भर पडते. शहाणा कारागीर नक्कल करतानाच ठसा काढून घेतो आणि दुसरी फेरी वाचवितो.

तेव्हा दप्तर हवे, आणि आजची नोंदही अखंड हवी. दोहोंत निवड करण्याचा प्रसंगच येऊ नये, असे यंत्र मांडणे हाच कारागिराचा खरा धर्म. फाईल उशिरा हलली तर ती उद्या हलविता येते. न लिहिलेला क्षण मात्र कोणत्याही दप्तरात पुन्हा सापडत नाही.

आपल्या घरासाठी

आपल्यापैकी कोणाचे दुकान असेल, कोणी पतपेढीच्या किंवा शाळेच्या समितीवर असेल, कोणाचा मुलगा वा मुलगी शहरात अशाच यंत्रांच्या देखरेखीवर असेल. कॅमेरे बसविणाऱ्यास किंमत आणि कॅमेऱ्यांची संख्या तर सर्वच विचारतात. त्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. चित्रण किती दिवस राहील, आणि ते कोणत्या हिशेबाने? जुने चित्रण दुसरीकडे नेले जात असताना नवे लिहिणे चालू राहते, हे प्रत्यक्ष दाखविता काय? आणि गेल्या आठवड्यातील अमुक दिवशी अमुक वेळेची दहा मिनिटे आत्ता काढून दाखविता काय?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. महिन्यातून एकदा, काही प्रसंग नसतानाही, कोणत्याही एका वेळेचे चित्रण मागवून पाहावे. आणि दप्तराचे काम चालू असतानाची वेळ मुद्दाम निवडावी. चित्र सलग दिसले, घड्याळाचा एकही सेकंद गळलेला नसला, तर निश्चिंत असावे. ते तुटले, तर त्याच दिवशी कारागिरास बोलवावे. हरवलेल्या मुलाची आई दाराशी येऊन उभी राहील, त्या दिवशी ही परीक्षा घेण्यात अर्थ नसतो.